सोपाश्रय : योगाभ्यास आणि नित्य पालटणारे आपण

मठाच्या वर्धापन-महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या द्विभाषिक स्मरणग्रंथासाठी योगविषयक काही लिहावे, अशी आज्ञा झाली. मठाची परंपरा, उत्सव आणि गुरुचरित्र यांविषयी अधिकारी लेखक लिहितीलच. अशा वेळी पाठशाळेत व्याकरण आणि दर्शने शिकविणाऱ्या एका अल्पज्ञ शिष्याने कोणता विषय निवडावा, असा प्रश्न मनात घोळत होता. त्याचे उत्तर आपल्या सभामंडपाच्या मागच्या भिंतीशी ठेवलेल्या लाकडी खुर्च्यांनी दिले.

ज्यांना खाली बसवत नाही, त्यांच्यासाठी सायंकाळच्या साधनेच्या वेळी या खुर्च्या मांडल्या जातात. त्या बहुधा रिकाम्याच असतात. बडोद्यातील एक वृद्ध सद्गृहस्थ, ज्यांना आपण सारेच अनेक वर्षे पहिल्या रांगेत पाहत आलो, ते गुडघे धरल्यापासून येईनासे झाले. एकदा खंडेराव मार्केटात त्यांची गाठ पडली. येत का नाही, असे विचारता ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, मांडी घालता येत नाही. खुर्चीवर बसून कसलं ध्यान? तो नुसता देखावा. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं." त्यांच्या स्वरात आळस नव्हता. जन्मभर केलेली साधना आपल्याच देहाने हिरावून घेतली, अशी लाज होती.

त्यांचे समाधान करण्याचा मला अधिकार नव्हता. कारण तीच लाज मी स्वतः भोगली होती. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात घराच्या ओल्या जिन्यावरून पाय घसरून माझ्या उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे कित्येक महिने मांडी घालू नये, असे वैद्यांनी बजावले. तिशी नुकतीच उलटली होती. सिद्धासनात दीड तास अचल बसता येते, याचा मनात गुप्त अभिमान होता. तो एका क्षणात गेला. त्याबरोबर मी साधनाही सोडली. आसनच नाही तर पुढची अंगे कशाला, असा युक्तिवाद मी करीत असे.

आमचे वृद्ध गुरुजी समाचाराला आले, तेव्हा हाच युक्तिवाद मी त्यांना ऐकविला. ते शांतपणे म्हणाले, "मांडी मोडली की योग मोडला, असं कुठल्या सूत्रात आहे ते मला दाखव. सापडलं तर मीही उद्यापासून सोडतो." इतके बोलून ते चहा घेऊन निघून गेले. पुढचे तीन महिने मी ते सूत्र शोधीत होतो. ते सापडले नाही. सापडले ते निराळेच, आणि तेच या लेखात यथामति मांडावयाचे आहे.

परिणाम हा शब्द

आपण व्यवहारात 'परिणाम' हा शब्द फल या अर्थी वापरतो. योगदर्शनात त्याचा मूळ अर्थ पालट असा आहे. सूत्रे आणि त्यांवरील व्यासभाष्य मिळून जो ग्रंथ होतो, त्यास पातंजल योगशास्त्र म्हणतात. त्याचा काळ आज अनेक अभ्यासक इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. या ग्रंथाच्या विभूतिपादात, सिद्धींचे वर्णन सुरू होण्यापूर्वी, चित्ताच्या परिणामांचा विचार येतो. निरोधपरिणाम, समाधिपरिणाम आणि एकाग्रतापरिणाम हे ते तीन होत. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, चित्त अगदी निरुद्ध झालेले असतानाही शास्त्रकार त्याला स्थिर दगडासारखे मानीत नाहीत. व्युत्थानाचे संस्कार मावळत असतात आणि निरोधाचे संस्कार उगवत असतात. शांतीतही पालट चालूच असतो. त्या अवस्थेला भाष्यकार प्रवाहाची उपमा योजतात, ती यामुळेच.

पुढे हाच विचार भूते आणि इंद्रिये यांना, म्हणजे देहालाही, लावला आहे. परिणामाचे तीन प्रकार सांगितले आहेत : धर्मपरिणाम, लक्षणपरिणाम आणि अवस्थापरिणाम. मातीचा गोळा मोडून घट होतो, हा धर्मपरिणाम. जो घट भावी होता तो वर्तमान होतो आणि पुढे अतीत होतो, हा लक्षणपरिणाम. तोच घट आज नवा आणि उद्या जुना, हा अवस्थापरिणाम. माती मात्र तीच. भाष्यकारांचा सिद्धांत असा की, गुणांचे वर्तनच चंचल असल्यामुळे कोणतीही वस्तू परिणामाशिवाय क्षणभरही राहत नाही.

हे समजावताना त्यांनी दोन दृष्टांत दिले आहेत. पहिला अंकांचा. एकच रेघ शतस्थानी शंभर होते, दशस्थानी दहा होते आणि एकस्थानी एक होते. गणिताच्या इतिहासकारांना हे स्थळ फार मोलाचे वाटते, कारण स्थानमूल्याची पद्धत त्या काळी विद्वानांच्या किती सहज परिचयाची होती, हे त्यावरून दिसते. दुसरा दृष्टांत घरातला आहे. एकच स्त्री कोणाची माता, कोणाची कन्या आणि कोणाची भगिनी असते. स्थान पालटले की नाव पालटते, व्यक्ती पालटत नाही. अंथरुणावर पडून हे वाचताना माझ्या मनात आले की, कालचा सिद्धासनात बसणारा आणि आजचा पाय लांब करून पडलेला, या दोघांत शास्त्राला एकच साधक दिसतो. दोन साधक मीच कल्पिले आणि त्यांतल्या एकाची दुसऱ्याला लाज वाटू लागली.

कैवल्यपादाच्या अखेरीस क्रमाचा विचार आहे, तोही येथे जोडून पाहावा. जपून ठेवलेले नवे वस्त्रही काही काळाने जीर्ण होते. ते जीर्णपण शेवटच्या दिवशी एकाएकी येत नाही. प्रत्येक क्षणी ते येतच होते. शेवटी फक्त दिसू लागले. आपल्या देहाचेही असेच आहे. साठाव्या वर्षी गुडघा दुखला म्हणजे तो त्या दिवशी बिघडला, असे नाही. ज्याने रोज प्रामाणिकपणे आसनावर बसून देहाकडे पाहिले, त्याला हा पालट कणाकणाने दिसतो आणि म्हणून त्याचा धक्का बसत नाही. रोजच्या अभ्यासाचे हे एक मोठे फळ आहे, पण त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

यावर कोणी म्हणेल की, याच ग्रंथाने परिणामाला दुःख म्हटले आहे. मग त्याचा स्वीकार कसा करावयाचा? शंका रास्त आहे. साधनपादात विवेकी पुरुषाला सर्वच दुःखरूप वाटते असे सांगताना पहिले कारण परिणाम हेच दिले आहे. परंतु तेथील विवेचन भोगासंबंधी आहे. सुख पालटते, आणि ते पालटू नये अशी तृष्णा धरणारा दुःखी होतो. म्हणजे पालट थांबविणे हा उपाय शास्त्राने सांगितला नाही. सांगितला तो तृष्णा सोडण्याचा. 'मला काल जसे बसता येत होते तसेच आज आले पाहिजे' ही आसनाचीच तृष्णा आहे. तिला साधनेचे वस्त्र नेसविले तरी ती तृष्णाच.

आसनांची यादी

आता ज्या स्थळाने माझे डोळे उघडले, त्याकडे वळतो. स्थिर आणि सुखकर बसणे एवढीच सूत्रकारांची आसनाची व्याख्या आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यावर भाष्यकारांनी काही नावे दिली आहेत. पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक आणि दंडासन ही नावे आपण नेहमी ऐकतो. यांच्या लगेच पुढचे नाव आहे 'सोपाश्रय'. स-उपाश्रय, म्हणजे आधारासहित. आणि यादीचा शेवट होतो तो 'यथासुख' या शब्दाने. ज्याला जसे सुख वाटेल तसे.

पाठशाळेत हे वाक्य मी किती वेळा तरी शिकविले होते. विद्यार्थ्यांकडून त्यातील समास सोडवून घेतले होते. पण पाय शाबूत असताना 'सोपाश्रय' या शब्दावर माझी नजर कधी ठरली नव्हती. वाचस्पतिमिश्रांनी आपल्या 'तत्त्ववैशारदी' या टीकेत या शब्दाचा संबंध योगपट्टकाशी जोडला आहे. योगपट्ट म्हणजे बसलेल्या साधकाच्या कमरेभोवती आणि गुडघ्यांभोवती घेतलेला पट्टा. त्याने देहाला आधार मिळतो आणि दीर्घकाळ बसता येते. प्राचीन शिल्पांत तो वारंवार दिसतो. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने १५२८ साली हंपी येथे अखंड शिळेतून घडविलेली नरसिंहाची प्रचंड मूर्ती अनेकांनी पाहिली असेल. तिच्या गुडघ्यांवरून आडवा गेलेला पट्टा म्हणजेच योगपट्ट. प्रत्यक्ष भगवंताला योगमुद्रेत दाखविताना शिल्पकाराला आधाराचा पट्टा कोरण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याला मात्र लाकडी खुर्चीचा कमीपणा वाटतो!

यावर खुर्ची आणि योगपट्ट एकच कसे, असा आक्षेप येईल. ते एक नव्हेत, हे मान्य आहे. परंतु तत्त्व एकच आहे. देहाला आधार द्यावा लागला म्हणून आसनाचे आसनपण जात नाही, हे भाष्यकारांनी पद्मासनाच्या पंक्तीतच सोपाश्रयाला बसवून सांगून ठेवले आहे. शिवाय लगेच पुढच्या सूत्रात आसन साधण्याचा उपाय म्हणून प्रयत्नाचे शैथिल्य सांगितले आहे. ओढून-ताणून, दात-ओठ खाऊन घातलेली मांडी त्या सूत्राच्या कसोटीस उतरणार नाही. पाठ सरळ ठेवून खुर्चीवर शांत बसलेला वृद्ध कदाचित उतरेल.

अंतराय आणि नियम

साधनेत खंड पाडणाऱ्या नऊ अंतरायांची गणना समाधिपादात आहे. व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व आणि अनवस्थितत्व अशी ती नावे. पहिले नाव व्याधीचे आणि शेवटचे अनवस्थितत्वाचे, म्हणजे मिळविलेल्या भूमिकेवर टिकता न येण्याचे. काल लाभलेले आज न लाभणे हा माझा एकट्याचा कलंक आहे, असे मी समजत होतो. शास्त्रकारांनी त्याला नाव देऊन, क्रमांक देऊन, वाटेवरच्या ठराविक अडचणींत बसविले आहे. वाटसरूला पुढे घाट आहे हे आधी कळले, म्हणजे घाट लागल्यावर तो वाट चुकल्याचे समजत नाही.

या अडचणींवर उपाय अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास दृढ होण्यास तीन गोष्टी लागतात : दीर्घ काळ, अखंडता आणि आदर. त्यांत बळ, वय किंवा गुडघा यांचा उल्लेख नाही. अभ्यास आपल्याला रोज आसनावर आणून बसवितो, आणि कालच्या अनुभवाला कवटाळू नये हे वैराग्य शिकविते. ज्याच्याजवळ नुसता अभ्यास आहे, तो हट्टी होतो. नुसते वैराग्य असेल तर आळशी होण्याचा संभव असतो. माझ्याजवळ अभ्यास होता आणि वैराग्याविषयी पाठ केलेली वाक्ये होती. म्हणून पाय मोडताच अभ्यासही गळून पडला.

हीच दृष्टी मराठीत ज्ञानेश्वर महाराजांनी अत्यंत कोमलपणे मांडली आहे. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवाशास सांगितलेल्या 'ज्ञानेश्वरी'च्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे जे विस्तृत वर्णन आहे, ते नाथपरंपरेचे धन म्हणून सर्वविश्रुत आहे. त्या भव्य वर्णनामुळे त्याच अध्यायात पुढे आलेला एक साधा उपदेश झाकून जातो. मन बुद्धीच्या साह्याने हळूहळू स्थिर करावे, असे गीतेत आले आहे. तेथे महाराज सांगतात की, एक नियम मात्र जिवाभावाने आपलासा करावा. एवढ्याने चित्त स्थिरावले तर काम झालेच. न स्थिरावले तर त्याला खुशाल मोकळे सोडून द्यावे. ते जेथे जाईल तेथून तो नियमच त्याला परत घेऊन येईल, आणि अशा रीतीने त्याला हळूहळू स्थैर्याची सवय लागेल. मनाला मारझोड नाही, त्याच्या चंचलपणाबद्दल दूषण नाही. नियम तेवढा सोडावयाचा नाही.

बाराव्या अध्यायात तर त्यांनी याहूनही सुलभ वाट दाखविली आहे. संपूर्ण चित्त देणे जमत नसेल, तर आठ प्रहरांत निमिषभर तरी द्यावे. शरदृतू लागला की नदी जशी ओसरू लागते, किंवा पौर्णिमेचा चंद्र दिवसेंदिवस क्षीण होत अमावास्येला जसा दिसेनासा होतो, तसे विषयांतून निघालेले चित्त थोडेथोडे ईश्वराकडे येते. हे दोन्ही दृष्टांत दैनंदिन पालटाचे आहेत. आम्हा बडोदेकरांना नदीचा दृष्टांत निराळा समजावून सांगावा लागत नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी शहरभर शिरले होते, आणि तीच नदी शरदात पुन्हा आपल्या पात्रात निमूट वाहत होती. पाणी अमुक क्षणी ओसरले असे कोणी दाखवू शकत नाही.

येथे एक गोष्ट सुचवावीशी वाटते. चंद्र क्षीण होतो, त्याच दृष्टांतातून महाराजांनी चित्ताची प्रगती दाखविली आहे. कमी होणे हेच तेथे पुढे जाणे आहे. म्हातारपणी देहाची कला रोज एकेक कमी होत असता साधकाने हा दृष्टांत आठवावा. सगळेच घटणे म्हणजे गमावणे नव्हे.

हठयोगाच्या ग्रंथांविषयी असा समज आहे की, ते केवळ बलवंतांसाठी आहेत. पंधराव्या शतकातील स्वात्मारामांची 'हठप्रदीपिका' तसे म्हणत नाही. तरुण, वृद्ध, अतिवृद्ध, रोगी आणि दुर्बळ या सर्वांना आळस टाकून अभ्यास केल्यास सिद्धी मिळते, असे ती स्पष्ट सांगते. प्राणाला वश करणे हे सिंह, हत्ती किंवा वाघ यांना माणसाळविण्यासारखे हळूहळू करावे, घाई केल्यास तो साधकाचाच घात करतो, असा इशाराही तिने दिला आहे. योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत तिने अति आहार आणि अति श्रम यांच्या जोडीने 'नियमाग्रह' घातला आहे. एकोणिसाव्या शतकातील टीकाकार ब्रह्मानंद आपल्या 'ज्योत्स्ना' टीकेत याचे उदाहरण म्हणून पहाटेच्या थंड पाण्याच्या स्नानासारख्या गोष्टींचा आग्रह सांगतात. ज्ञानेश्वर महाराज नियम जिवाशी धरावयास सांगतात, आणि येथे नियमाचा आग्रह योगनाशक म्हटला आहे. हा विरोध वरवरचा आहे. रोज बसावे, हा नियम. रोज अमुकच रीतीने बसले पाहिजे, हा आग्रह.

आपल्या नगरीतील साक्ष

जुन्या ग्रंथांतील ही दृष्टी अलीकडच्या काळात कोणी आचरली काय, हे पाहू जाता साक्ष फार दूर शोधावी लागत नाही. बडोद्यातील लोक एक कथा आवडीने सांगतात. सुरतेच्या काँग्रेसनंतर, १९०८ च्या जानेवारीत, विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याच्या मार्गदर्शनाखाली श्रीअरविंद येथील सरदार मजुमदारांच्या वाड्यात बसले, आणि तीन दिवसांत त्यांचे मन निःशब्द झाले. कथा खरी आहे. परंतु ती सांगताना मागचे आणि पुढचे आपण गाळतो. त्यापूर्वी काही वर्षे ते प्राणायामाचा अभ्यास करीत होते, आणि राजकारणाच्या धामधुमीत त्यात खंडही पडला होता. १९१० साली ते पुद्दुचेरीस गेले, आणि तेथे १९५० पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, साधना चालूच राहिली. तीन दिवसांचे कौतुक करणाऱ्यांनी या चाळीस वर्षांनाही नमस्कार केला पाहिजे.

दुसरी साक्ष स्वामी कुवलयानंदांची. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ साली येथून जवळच असलेल्या डभोई येथे झाला. संस्कृताचे ते उत्तम विद्यार्थी होते. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी बडोद्यातच जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रो. माणिकराव यांच्यापाशी शरीरसाधनेचे शिक्षण घेतले. पुढे नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी यांच्या सान्निध्यात त्यांना योगाची दीक्षा लाभली. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक त्याच वर्षी सुरू केले. त्याआधी उड्डियान आणि नौली या क्रियांनी देहात काय घडते, हे पाहण्याचे त्यांचे आरंभीचे प्रयोग बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत झाले होते. नौलीच्या वेळी पोटात उत्पन्न होणाऱ्या निर्वातावस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

या प्रयोगांचे महत्त्व शास्त्रज्ञ सांगतीलच. मला त्यातील वृत्ती मोलाची वाटते. दाबमापकावरचा आकडा आज कमी आला म्हणून प्रयोग करणारा त्याला दूषण देत नाही आणि अधिक आला म्हणून हुरळत नाही. जे आहे ते तो वहीत नोंदवितो, आणि उद्या पुन्हा पाहतो. आसनांवरील आपल्या ग्रंथातही स्वामीजींनी सर्वांना एकच क्रम सांगितला नाही. साधकाच्या शक्तीनुसार पूर्ण आणि सौम्य असे निरनिराळे क्रम दिले. आपल्या देहमनाकडे अशा नोंद घेणाऱ्याच्या दृष्टीने पाहता आले, तर लाज आणि अभिमान या दोघांनाही वाव राहणार नाही. १९६६ साली स्वामीजींनी देह ठेवला.

तिसरी साक्ष पुण्याची आहे. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १९१८ साली, इन्फ्लुएंझाच्या साथीत, कर्नाटकातील बेल्लूर गावी झाला. लहानपणी क्षय, हिवताप आणि विषमज्वर यांनी त्यांचा देह जर्जर केला होता. १९३७ साली ते पुण्यास आले आणि तेथेच राहून जगद्विख्यात झाले. त्यांच्या १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथातील अवघड आसनांची छायाचित्रे पाहून अनेकांची छाती दडपते. परंतु साठी उलटल्यावर, १९७९ साली, स्कूटरच्या अपघातात त्यांना मोठी दुखापत झाली आणि पूर्वीची आसने येईनाशी झाली, हे पुष्कळांना माहीत नसते. त्यांनी नवशिक्याप्रमाणे आरंभापासून पुन्हा सुरुवात केली. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, उशा आणि घडीच्या खुर्च्या यांचा आधार घेऊन आसने करण्याची पद्धत त्यांनी जगभर रूढ केली. २०१४ साली, पंच्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. भाष्यकारांच्या यादीतला 'सोपाश्रय' हा शब्द पुण्याच्या एका शाळेत खुर्चीच्या रूपाने पुन्हा जिवंत झाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

उपसंहार

हा शोध घेऊन मी गुरुजींकडे गेलो आणि असे सूत्र कोठेही नाही, हे कबूल केले. गुरुजी हसले. म्हणाले, "मला ठाऊक होतं. मी ऐंशीव्या वर्षापासून भिंतीला टेकून बसतो. तू माझ्या समोर रोज बसायचास, तुला कधी दिसलं का?" खरोखरच दिसले नव्हते. माझे लक्ष माझ्या मांडीवर होते.

स्वीकार म्हणजे शैथिल्य नव्हे, हे शेवटी पुन्हा सांगितले पाहिजे. माझा गुडघा ऐंशी-नव्वद टक्के बरा झाला असे वैद्य म्हणतात. तो वाढावा म्हणून सांगितलेले व्यायाम मी करतो, आणि करीत राहीन. परंतु आज तो जितका वाकतो तितक्यावर आज बसावयाचे, हे मला या ग्रंथांनी शिकविले. कधी थोडा वेळ अर्धी मांडी साधते. थंडीच्या दिवसांत साधत नाही, तेव्हा खुर्ची घेतो. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसताना कान तापले होते. डोळे मिटल्यावर लक्षात आले की, श्वासाला खालचे आसन कोणते ते ठाऊक नाही.

त्या वृद्ध सद्गृहस्थांच्या घरी जाऊन मी भाष्यातील ती यादी त्यांना वाचून दाखविली. त्यांनी 'सोपाश्रय' हा शब्द दोनदा म्हणून पाहिला. येतो, असे ते म्हणाले नाहीत. येणार नाही, असेही म्हणाले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि मला विचारले, "खुर्च्या अजून मागच्याच भिंतीशी असतात का?"

म्हणून या उत्सवाच्या निमित्ताने मठाच्या विश्वस्तांपाशी आणि सर्व गुरुबंधु-भगिनींपाशी एक नम्र विनंती आहे. भाष्यकारांनी सोपाश्रय यादीच्या शेवटी, कोपऱ्यात ठेवलेला नाही. तो दंडासनाच्या शेजारी आहे. तशाच आपल्या खुर्च्याही मागच्या भिंतीपासून उचलून आसनांच्या रांगेतच, त्यांच्या शेजारी मांडाव्यात. ज्यांचे गुडघे आज शाबूत आहेत त्यांनी आपल्या शेजारच्या खुर्चीकडे पाहून आपलाही अवस्थापरिणाम ओळखावा. आणि जे घरी बसले आहेत त्यांनी परत यावे. रोज पालटणाऱ्या देहाने रोज एकाच ठिकाणी येऊन बसणे, एवढेच श्रीगुरूंनी आपल्याकडे मागितले आहे. ते घडविण्यास श्रीगुरु समर्थ आहेत. इति शम्.